चादर सोडायची नाही

माझ्या भाच्यानं बागेत पहिल्यांदा एका पोराचा कान चावला, तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू? ते पोरगं ह्याच्यापेक्षा वीतभर उंच. त्यानं ह्याच्या डोक्यात प्लॅस्टिकचं फावडं हाणलं होतं, आणि अडीच वर्षांच्या आमच्या पठ्ठ्यानं भोकाड पसरायच्या ऐवजी सरळ कानच दातांत धरला. सोडवताना त्याच्या आईला आणि मला घाम फुटला. कानावर दातांची अशी स्वच्छ रांग उमटली होती की मी मनात म्हटलं, चला, दात तरी सरळ येताहेत.

दुसऱ्यांदा चावला तेव्हा अभिमान जरा कमी झाला. मग त्यानं एकीचे केस उपटले, मूठभर. एकाला घसरगुंडीच्या शिडीवरून लाथ घातली. झोपाळ्यात बांधून बसवलेल्या एका तान्हीच्या तोंडात वाळू कोंबली आणि वरून थोपटून नीट बसवली. त्याच्या बापानं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, हसत हसत त्याचं नाव रणगाडा ठेवलं आणि सगळ्या बागेनं ते उचललं. आम्ही फाटकातून आत शिरलो की बाकांवरच्या आया आपापली पोरं पोटाशी ओढायच्या. "आला रणगाडा," असं कुणीतरी हळूच म्हणायचं. मला ऐकू जाईल इतपतच हळू.

बागेचा तो कोपरा लहान मुलांचा. वाळूचा हौद, बुटकी लोखंडी घसरगुंडी, दोन झोपाळे आणि स्प्रिंगवर डुलणारं एक लाकडी बदक. बदकाची चोच मोडलेली होती, ती कुणी मोडली ते विचारू नका. वाळूत आणलेली बादली, चाळणी, गाडी सगळ्यांची, असा तिथला न सांगता पाळायचा नियम. आणि आमच्या गड्याला शब्द येत होते मोजके, त्यातला लाडका शब्द होता 'माझं'.

मी धुलाईच्या कारखान्यात काम करते. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे येतात. सकाळची पाळी संपवून मी भावाच्या घरी जायची, मग वहिनी चष्म्याच्या दुकानात कामाला निघायची, आणि संध्याकाळी ती परत येईपर्यंत पोर माझ्याकडे. माझं लग्न झालं होतं, मोडलं, मूल झालं नाही, आणि मला त्याचं फार काही वाटतं असं मला वाटत नव्हतं. मग हा आला. दाराची कडी वाजली की आतून 'आत्तू' ओरडत धावत यायचा आणि डोकं खाली घालून माझ्या मांडीवर आपटायचा. इतक्या जोरात की मांडी काळीनिळी व्हायची. ते त्याचं प्रेम होतं. आंघोळीच्या वेळी मी तो डाग बघायची आणि मला बरं वाटायचं.

"ताई," वहिनी एकदा म्हणाली, "आज चौथी बाई दुकानात येऊन बोलून गेली. चष्मा घ्यायला आली होती म्हणे. चष्मा राहिला बाजूला, अर्धा तास माझं पोर कसं वाया गेलंय ते ऐकवलं."

"पोरं मारामारी करतातच."

"करतात. पण आता अजून एक तक्रार आली, की मी त्याला पाळणाघरात घालणार. तिथे अशा पोरांची सवय असते त्यांना. तुमच्यावर राग नाही माझा."

राग नाही म्हणाली, तिथेच माझ्या काळजात चर्र झालं. पाळणाघर म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत. म्हणजे मला उरणार काय, तर सुट्टीच्या दिवशी पाहुण्यासारखं जायचं आणि पोरानं आईच्या मागून डोकावून बघायचं.

बागेतल्या आयांकडे उपाय तयारच होता. "दोन ठेवून द्या हो, सुतासारखा सरळ येईल." मी त्या वाटेला जाणार नव्हते. आमचे बाबा पट्ट्यानं बोलायचे. भावाच्या पाठीवर अजून त्यांचं बोलणं वाचता येतं. हा जन्मला त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मी भावाला सांगून ठेवलं होतं, ह्याच्या अंगावर कुणाचाही हात पडता कामा नये, तुझाही नाही, माझाही नाही. भाऊ रडला होता तेव्हा. मग मारायचं नाही तर करायचं काय? बोलून ऐकायचं त्याचं वय नव्हतं, आणि बोलून समजवायचा माझा स्वभाव नव्हता.

म्हणून मी त्याला पीळ शिकवला.

पीळ हा आमच्या कारखान्यातला प्रकार. तिथे भांडणं रोजची. वाफ, उकाडा, ब्लीचनं फाटलेली बोटं, कानात सतत मशीनची घरघर, माणूस पिसाळणार नाही तर काय होईल? एकदा दोघींची जुंपली आणि एकीनं दुसरीचा हात इस्त्रीच्या तापल्या रोलरकडे ओढला. हातमोजा काढावा तशी कातडी निघाली. त्यानंतर आमच्या मुकादमीणबाईंनी नियम केला. दोघी भांडल्या की मशीनमधून ओली डबलबेडची चादर काढायची, एक टोक हिच्या हातात, एक तिच्या, आणि उलट्या दिशांना पिळायची. जीव खाऊन पिळायची. तोंडानं हव्या त्या शिव्या द्यायच्या. जिचे हात आधी भरून येतील तिनं 'बास' म्हणायचं. बास म्हटलं की संपलं, त्यापुढे एक शब्द नाही की एक वेढा नाही. दुसरा नियम असा, की काहीही झालं तरी चादर सोडायची नाही. खाली फरशी ओली असते, सोडली तर समोरची मागच्या मागे जाते. मी त्या कारखान्यात म्हातारी होत आलेय, पण 'बास' ऐकून कुणी थांबलं नाही असं मी पाहिलेलं नाही.

पोरांना पिळणं कुठलं जमायला? त्यांच्यासाठी मी नुसतं ओढणं ठेवलं. कारखान्यातून बाद झालेल्या चादरीची एक लांब पट्टी फाडून पिशवीत टाकली. रणगाड्यानं कुणाच्या बादलीवर झडप घातली रे घातली, की मी दोघांना वाळूच्या हौदात समोरासमोर उभं करायची आणि पट्टीचं एकेक टोक हातात द्यायची. "ओढा! ओढा रे! बास कोण म्हणतंय?" दोघं लाल होईपर्यंत ओढायची, धपकन वाळूत बसायची आणि बादली कशाबद्दल होती तेच विसरायची. आधी आयांनी नाकं मुरडली. मग एकीनं स्वतःहून आपल्या पोराला पुढे केलं. थोड्याच दिवसांत पोरं रांग लावायला लागली. चावणं थांबलं. केस उपटणं थांबलं. मी बाकावर अशी ऐसपैस बसायला लागले की जणू बाग माझ्या आजोबांनी बांधली होती.

त्या संध्याकाळी वाळूच्या हौदात मोठी पोरं शिरली होती आणि किल्ला बांधत होती. तेव्हा मला पिशवी बंद ठेवायचं सुचायला हवं होतं. पण रणगाड्यानं तोवर एका मुलीची लाल बादली धरली होती आणि ती मुलगी किंचाळत होती. आम्ही तिला शिट्टीच म्हणायचो, तिचा आवाज तसाच होता. तिचा बाप फरशा बसवण्याची कामं करायचा. कामावरून सरळ बागेत यायचा आणि गुडघ्यांचे रबरी पट्टेही न सोडता बाकावर बसून मान टाकायचा. जाड मानेचा, थकलेला माणूस. माझं त्याच्याशी कधी वाकडं नव्हतं.

मी दोघांना वाळूबाहेर, घसरगुंडीच्या बाजूला नेलं आणि पट्टी हातात दिली. शिट्टी चिवट होती. मागे रेलून, दात दाखवत ओढत होती. रणगाडाही मागे रेलला होता. तेवढ्यात बागेबाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकला. रणगाड्यानं वळून बघितलं आणि दोन्ही हात सोडले.

मोठ्या माणसांना नियम सांगता येतो, अडीच वर्षांच्या पोराला कुत्रा दिसतो. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. शिट्टी उलटी गेली आणि तिच्या डोक्याचा मागचा भाग घसरगुंडीच्या लोखंडी पायावर आदळला. ठण्ण असा आवाज आला. क्षणभर ती रडलीच नाही. मग रक्त आलं, केसांतून मानेवर, मानेवरून फ्रॉकच्या पांढऱ्या कॉलरवर. डोक्याची जखम लहान असली तरी रक्त भळाभळा येतं हे मला ठाऊक आहे, तसल्या उशांचे अभ्रे मी रोज धुते. तिच्या बापाला ते ठाऊक नव्हतं.

तो बाकावरून उठला. मला वाटलं पोरीकडे जाईल. तिच्याकडे एक बाई आधीच रुमाल घेऊन धावली होती. तो रणगाड्याकडे गेला. एका हातानं दंड धरून त्याला हवेत उचललं आणि दुसऱ्या हातानं कानशिलात लगावली.

"मारतोस? माझ्या पोरीला मारतोस?" असं म्हणत त्यानं त्याला गदागदा हलवलं आणि दुसरी लगावली. पोराची मान इकडून तिकडे गेली. त्याला आयुष्यात कुणी बोट लावलं नव्हतं. त्याचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचं सगळं बागेतल्या प्रत्येकाचं आपापल्या परीनं सांगून झालंय, आता माझं ऐका.

मी आधी त्याचं मनगट धरलं आणि पिळलं. इतकी वर्षं ओल्या चादरी पिळलेले हात आहेत हे. तो ओरडला, पोर त्याच्या हातून सुटून खाली पडलं. इथे थांबले असते तर आज ही गोष्ट सांगत बसले नसते. मी त्याच्या नाकावर मूठ घातली. आत काहीतरी करकरलं. त्यानंही मला सोडलं नाही, उलट्या हाताची अशी बसली की माझा ओठ दातांवर फाटला आणि तोंड खारट झालं. मी त्याच्या पोटात गुडघा घातला. तो वाकला. मी त्याचे केस धरले, सिमेंटची धूळ होती त्यांत, आणि त्याचं तोंड घसरगुंडीच्या कडेवर आपटलं. एक दात पत्र्यावरून टणटण करत घरंगळत खाली गेला. बायका किंचाळत होत्या. कुणी पोरांचे डोळे झाकत होतं, कुणी नुसतंच बघत होतं.

तो खाली बसला, मग आडवा झाला. मी त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसले आणि मारत राहिले.

"बास," तो म्हणाला.

मी मारलं.

"बास, बाई. बास."

तो शब्द कानावर पडला की माझी बोटं आपोआप सुटतात, इतकी सवय आहे. त्या दिवशी सुटली नाहीत. त्याला आमच्या कारखान्यातला नियम कुठून ठाऊक असणार, तो बिचारा आपल्या परीनं जीव वाचवत होता. पण मला ठाऊक होता. ऐकू आलं, कळलं, आणि तरी मी उजव्यानं मारलं, मग डाव्यानं. आणि जे कुणाला सांगितलं नाही ते सांगते, मला मजा येत होती. हात कसे हलके झाले होते. एव्हाना मी त्या पोरासाठी मारत नव्हते. कुणासाठी मारत होते ते मला नीट सांगता येणार नाही, पण पट्टा हातात घेतल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर जी शांती यायची, ती मला त्या वेळी आतून ओळखीची वाटली.

बागेच्या राखणदारानं आणि दोन बापांनी मिळून मला ओढून काढलं. फरशीवाला कुशीवर वळला आणि लाळ, रक्त, वाळू असं सगळं एकत्र थुंकला. मी धापा टाकत वळले आणि दोन्ही हात पसरले.

"ये रे माझ्या राजा. गेला तो. ये आत्तूकडे."

माझे हात मनगटापर्यंत लाल होते. हनुवटीवरून ओठाचं रक्त टपकत होतं. रणगाडा घसरगुंडीपाशी उभा होता, चड्डी ओली, गालावर पाच बोटं. त्यानं शिट्टीचा फ्रॉक मुठीत घट्ट धरला होता. जिचं डोकं त्यानं फोडलं होतं तिच्या आडोशाला तो उभा होता, आणि तीही त्याला धरून होती. दोघंही माझ्याकडे बघत होती.

चौकीवर सगळं लवकर मिटलं. फरशीवाल्यानं आधी लहान पोरावर हात उचलला होता आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं. शिट्टीला टाके पडले, पण मुलगी ठणठणीत होती. तिचा बाप सुजलेल्या तोंडानं म्हणाला, "पोरावर हात टाकायला नको होता, चुकलंच माझं." मीही चुकलं म्हणाले. हवालदारानं आम्हा दोघांकडे बघून मान हलवली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

भाऊ तर हवेतच होता. "ताईनं दात पाडला! एका गुद्द्यात!" असं तो गाड्या दुरुस्त करता करता गॅरेजमध्ये येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचा. गुद्दा एक नव्हता आणि दातही गुद्द्यानं पडला नव्हता, पण मी मूग गिळून बसले. खरी भीती वहिनीची होती. तिनं माझ्या ओठाला मलम लावलं आणि मग माझ्या गळ्यात पडली.

"मी पाळणाघराचं म्हणत होते. मूर्ख मी. तिथल्या बाईनं असा जीव टाकला असता का? तो तुमच्याजवळच राहणार, ताई. मोठा होईपर्यंत."

म्हणजे जे मला हवं होतं ते मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी कडी वाजवली. आतून कुणी धावत आलं नाही. वहिनीनं दार उघडलं. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. मी चप्पल घालायला सांगितली, त्यानं घातली. एरवी त्या चपलेसाठी अर्धा तास कुस्ती चालायची. पेला पुढे केला तर मुकाट्यानं दूध प्यायला. मी पाठ वळवली की श्वास सोडायचा, तो मला ऐकू यायचा. माझी मांडी आठवड्याभरात साफ झाली, एक डाग राहिला नाही.

मी काय काय करून बघितलं. घोडा झाले, बदक झाले, तोंडावर फडकं टाकून 'कुठे गेला रे' केलं. तो हसायचा. मी हसले की हसायचा, मी थांबले की थांबायचा. कामावरच्या मुकादमीणबाई म्हणाल्या, "लहान आहे, विसरेल." मी रोज दारापाशी जरा थांबायची, आत पावलं वाजतात का ते ऐकायची.

बागेत तर चमत्कार झाल्याची चर्चा होती. रणगाड्यानं कुणाला चावलं नाही. कुणाचं काही ओढलं नाही. वाळूत एका बाजूला बसायचा, कुणी मागितलं की हातातलं देऊन टाकायचा, कधी कधी मागायच्या आतच. आयांनी त्याला जवळ घेऊन पापे घेतले. "नाव बदला हो आता ह्याचं," म्हणाल्या. चोच तुटलेल्या बदकावर तो हल्ली बसायचाही नाही.

मग एक दिवस एक नवीन बाई आली, आणि तिच्याबरोबर तीन वर्षांचं एक वादळ. आल्या आल्या त्यानं दोघांना ढकललं, एकाची चाळणी पायाखाली मोडली आणि आमच्याकडे आला. रणगाड्याच्या हातात बादली होती. त्यानं ती पुढे केली. तरी त्या पोरानं ती हिसकावली आणि दणकन त्याच्या कपाळावर हाणली. कड लागली. कपाळावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

रणगाडा रडला नाही. मी बाकावर बसून दात ओठ खात होते. मार रे त्याला, मनात ओरडत होते मी. चाव. कान धर त्याचा, लचका तोड, मी बघते पुढे काय ते. त्या पोरानं परत हाणली. हा नुसता उभा.

"सोनू नको ना, असं करतात का?" ती आई लांबूनच म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "नाकी नऊ आणलेत हो ह्यानं. तुमचा किती गरीब आहे! काय करता तुम्ही? मला पण सांगा ना."

मी उठले. त्याचं कपाळ पुसायचं होतं मला, दुसरं काही नाही. हातात रुमाल होता.

समोरचं पोरगं बादली उगारून उभं होतं, त्याच्याकडे ह्यानं बघितलंसुद्धा नाही. माझी सावली वाळूवर पडली तशी त्यानं मान वर केली, मला बघितलं, आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. मी होते तिथेच थांबले. तो डोळे घट्ट मिटून मार पडायची वाट बघत उभा होता.